लांबच्या वाटेने सोलापूर

आप्पा, गेल्या आठवड्यात मी विमानाने अमेरिकेला आले. सत्त्याऐंशीव्या वर्षी. नातीच्या घरी खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतंत, "वाट कशी झाली?" माणूस कुठूनही येवो, तुम्ही तब्येत नंतर विचारायचात, आधी वाट. म्हणून मीही वाटेपासूनच सुरुवात करते.

मुंबईहून निघताना मी मुलाला विचारलं, किती तास लागतील? तो म्हणाला, "जाताना सोळा, येताना चौदा." मी जन्मभर मास्तरीण, मला हे उत्तर पटेना. अंतर तेच, विमान तेच, मग मधले दोन तास जातात कुठं? त्याने मला पोरीला समजावावं तसं समजावलं. ढगांच्याही वर पश्चिमेकडून पूर्वेकडे मोठा वारा वाहत असतो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीला लागतो. निघताना विमान तेलाने जड झालेलं असतं, जसजसं तेल जळेल तसतसं ते हलकं होत वर चढतं. जोरात पळवता येतं, पण मग तेल पुरायचं नाही. तो सांगत होता आणि मी पदरात तोंड घालून हसत होते. शेवटी म्हणाला, "आई, हसायला काय झालं?" त्याला काय सांगू, हे सगळं मी अणदूरला आपल्या खळ्यात ऐकलेलं होतं.

तुमची कडब्याची गाडी सोलापूरला जायची. किती वेळ लागेल असं विचारलं, की तुम्ही सरळ उत्तर म्हणून देत नव्हतात. आधी पटक्याचा शेव मोकळा सोडून वारा बघायचा, मग बैलांच्या खुरांवरून हात फिरवायचा, मग रचलेल्या कडब्याकडे मान वर करून पाहायचं. आई चिडायची. "एक सांगून टाकायला काय हुतंय ओ तुमाला?" तुमचा आवाज कधी चढला नाही. "कडबा रचला की गाडी भिंतीवानी हुती. वारं तोंडाला आलं तर बैलांनी गाडी वडायची का वारं?" येताना गाडी रिकामी असायची, वारा मागून, आणि बैलांना घरच्या दावणीची ओढ. जायला दिवस लागायचा, यायला त्याहून बराच कमी. पळवून न्या म्हटलं तर म्हणायचात, "पळवल्यावर जातील की. पर मागारी कोन आनंल?"

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर आमची वाट एका रेघेने दाखवत होते. मध्येच ती रेघ वाकडी झाली. सांगण्यात आलं, की खाली एका देशात लढाई चालू आहे, त्याच्यावरून जाता येणार नाही, वळसा घालावा लागेल, दीड तास उशीर होईल. माझ्या मागे एक तरुण मुलगी होती. तिला उतरल्यावर पुढचं विमान धरायचं होतं, दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत होती. ती विमानात खाणंपिणं वाढणाऱ्या बाईंवर कडाडली, "तुम्ही हे मुद्दाम करता." त्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आप्पा. हेच वाक्य मी तुम्हाला म्हटलं होतं.

मी बारा वर्षांची. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजतंय, हे आम्हा पोरांना काय कळणार? मला एवढंच कळत होतं, की सोलापूरला मुलींच्या शाळेत परीक्षा आहे आणि पास झाले तर तिथंच राहून शिकायला मिळणार आहे. भाऊबंद तुम्हाला हसले, तरी तुम्ही गाडी जुंपलीत. कडबा भरला नाही, नुसती मी आणि भाकरीचं गाठोडं. पहाटे निघालो म्हणजे दिवस मावळायच्या आत पोचणार, परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. थोडं अंतर गेलो आणि समोरून एक गाडीवान आला. तुम्ही उतरून त्याच्याशी कानडीत हळू बोललात. मला ऐकू आलं नाही. परत आलात आणि गाडी ओढ्यात घातलीत.

"आप्पा, वाट चुकली."

"चुकली न्हाय, माय. हीबी सोलापूरलाच जाती."

ती वाट कसली, नुसते दगडगोटे. दुपारी एका वस्तीवर तुम्ही बैल सोडलेत, ते संध्याकाळ झाली तरी जुंपले नाहीत. तिथंच मुक्काम झाला. मी रडून रडून विचारत होते आणि तुम्ही म्हणत होतात, "बैल दमल्यात." बैल मजेत रवंथ करत होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शिपाई म्हणाला, पेपर कधीच सुटला. त्याच्यादेखत मी ओरडले, "तुमी मुद्दाम उशीर केला. तुमाला मला शिकवायचंच न्हवतं."

तुम्ही बैलाच्या मानेवरची दोरी नीट केलीत. "आसंल, माय. चल, कायतरी खाऊन घी." मग पटका सारखा करून त्या शिपायाकडे गेलात, हात जोडलेत आणि परीक्षेचा एक कागद मागून आणलात. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. "ह्यो घरी सोडव," म्हणालात. मी हात पुढे केला नाही. पुढच्या साली माझं लग्न झालं.

त्या दिवशी नेहमीच्या रस्त्यावर बंदूकवाले बसले होते. दोन गाड्या जाळल्या होत्या, एका गाडीतल्या बायका परत आल्या नाहीत. पोरीच्या मनात भीती बसू नये म्हणून तुम्ही बैलांवर ढकललंत.

हे पत्र टाकायचं कुठं? नात म्हणते, आजी, कुणाला लिहितेस एवढं? मी म्हटलं, असंच. ते माझ्या बॅगेत तळाशी जाईल.

पण एक कबूल करते. हे मला विमानात उमगलं असं वाटेल तुम्हाला. तसं नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणातच आत्याने मला सगळं सांगितलं होतं. तुम्ही त्यानंतर वीसेक वर्षं होतात. मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, आणि गावच्या शाळेने मला झेंडावंदनाला भाषणाला बोलावलं. मी पोरांना सांगितलं, की माझ्या वडलांना शिक्षणाची किंमत नव्हती, त्यांच्या चालढकलीने माझी परीक्षा चुकली, तरी मी जिद्द सोडली नाही. टाळ्या पडल्या. तुम्ही पुढच्याच सतरंजीवर बसला होतात. तुम्हीही वाजवल्यात, आप्पा, सगळ्यांत शेवटपर्यंत. खरं मला तेव्हा ठाऊक होतं.