आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! मी हाक मारली आणि हिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढा संसार झाल्यावर आता नवरा-बायकोत मध्यस्थ लागतो — तोही चार पायांचा!

मुलीने आणून दिला. म्हणे, "आईला सोबत." मग मी कोण? कपाट?

त्याला नाव आहे चांगलंसं. या पानांत मी लाडोबाच म्हणणार.

५ फेब्रुवारी

नियम केले. सोफ्यावर चढायचं नाही. ताटाशी नाक आणायचं नाही. झोपायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ही "बरं" म्हणाली आणि दुपारी आपली खुर्ची खोलीच्या दारात नेऊन बसली. ही आत, तो बाहेर, हिचा पाय त्याच्या पाठीवर. कायदा मोडला नाही, नाक मात्र माझंच कापलं!

९ फेब्रुवारी

सकाळी खिडकीशी उभा राहून पाचवीतली कविता म्हटली. गुरुजी बाकावर बोटांनी ठेका धरून वृत्त शिकवायचे. तो ठेका अजून बोटांत आहे. खडूचा वास, थंड फरशी, सगळा वर्ग एका सुरात... क्षणभर अर्ध्या चड्डीतला मुलगाच झालो.

पूर्वी मी अडखळलो की ही हातातलं काम न थांबवता पुढची ओळ फेकायची. आज अडखळलो — मागे चिडीचूप! कशीबशी कविता संपवून वळलो. हिने लाडोबाकडे पाहिलं, मग म्हणाली, "वा!" जणू त्याची परवानगी घेऊन!

जळतो मी त्याच्यावर. या वयाला शोभत नाही. पण जळतो.

१० फेब्रुवारी

दुपारी लाडोबा माझ्या पायांवर येऊन झोपला. ऊब बरी वाटली. कुणाला सांगायचं नाही.

१३ फेब्रुवारी

मुलीला फोन करून सांगितलं, त्याच्या केसांनी मला खोकला होतो, थोडे दिवस घेऊन जा. खोकला खोटा. "बाबा, कुत्र्याशी कसली बरोबरी करता?" म्हणाली, पण संध्याकाळी येऊन घेऊन गेली. ही फाटकापर्यंत गेली. डोळे पुसत परतली. मी महिनाभर परगावी गेलो तेव्हा एवढं रडली नव्हती!

१५ फेब्रुवारी

अबोला! आमच्या घरचे अबोले नात्यागोत्यात प्रसिद्ध आहेत, पण हा सगळ्यांवर कडी. मी न्हाणीतून टॉवेलसाठी ओरडतोय, बाहेर इस्त्रीवाला बेल दाबतोय, आणि ही मधल्या खोलीत निवांत मटार सोलतेय. शेवटी तसाच ओला, पंचा गुंडाळून दार उघडलं. इस्त्रीवाला म्हणाला, "आजोबा, बेल दाबून दाबून बोट झिजलं माझं!"

एका कुत्र्यापायी नवऱ्यावर एवढा राग?

१७ फेब्रुवारी

अबोला मोडायची पाळी नेहमी माझीच. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर जायचा धीर होईना, म्हणून पाठीमागेच उभा राहिलो. म्हटलं, "चुकलं माझं. मला हेवा वाटला गं त्याचा."

जन्मात असं बोललो नव्हतो. हिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, घडी घातली, दुसरा शर्ट घेतला. हूं नाही की चूं नाही. शेवटचा उपाय म्हणून कविता सुरू केली, मुद्दाम ओळ चुकवली. तरी नाही. आणि मग ही कपडे ठेवायला वळली — "अगं बाई! केवढी दचकले! कधी येऊन उभे राहिलात?"

हिचं सोंग मला ओळखता येतं. हे सोंग नव्हतं.

तिचा हात धरून खाली बसवलं. "तुला ऐकू येत नाही?" ही माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग मान खाली घातली. "आधी कमी झालं होतं. आता जवळजवळ नाहीच."

"मग बोलली का नाहीस?"

हे तिला पुन्हा, समोरून विचारावं लागलं. म्हणाली, "तुम्ही कविता म्हणायच्या सोडून दिल्या असत्या."

१८ फेब्रुवारी

भल्या सकाळी जाऊन लाडोबाला घेऊन आलो. हिला विचारलं, "ऐकू येत नव्हतं, तर 'वा' कशी म्हणायचीस?"

"कोणी बोललं की याचे कान उभे राहतात," ही म्हणाली, "आणि तुमची कविता संपली की हा शेपूट हलवतो."