परशराममामांचे ब्रेक

उचगाव,
७ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णास,
रचनाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही निपाणीला सुखरूप पोचल्याचं जयावहिनीच्या फोनवरून कळलं. काल तुझाही फोन येऊन गेला. फोनवर तू ओरडतोस, मी रडते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. भांडायचं तर पत्रात भांडा, तिकीट लावेपर्यंत निम्मा राग उतरतो, असं आपले आप्पा म्हणायचे. म्हणून लिहायला बसले. तीन दिवस झाले तरी काही उतरलेलं नाही. राग म्हणणंही खरं नाही. शिसारी आली आहे.

शनिवारी बेळगावच्या खडेबाजारात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा लिहून काढते, कारण काल तू जे सांगितलंस ते भलतंच होतं. तुझी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कापडदुकानापुढे डाव्या कडेला उभी होती. मी पलीकडच्या बाजूला माझी सायकल धरून तुमची वाट बघत होते. मागून आमच्या गावचे परशराममामा सायकलवरून येत होते, नेहमीसारखे सावकाश. त्यांच्या मागच्या जीपवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. शेवटी मामा बिचारे जीपला वाट द्यायला तुझ्या गाडीच्या अंगाला सरकले, आणि तेवढ्यात तू दार उघडलंस. मागे न बघता. बघायचं कशात म्हणा! खंडेनवमीला बांधलेला झेंडूचा हार चौथ्या दिवशीही आरशाला गुंडाळलेला होता. मामा उजव्या हातावर पडले. मनगटाची दोन हाडं मोडली, आत स्टीलची पट्टी घालावी लागली.

सगळ्यांत आधी धावून आलेल्या माणसाने काय केलं, आठवतंय? त्याने तुझ्या दारावर चरा पडलाय का ते बघितलं. दुसऱ्याने मोबाइल काढला. मामांना उठवायला तिसरा माणूस यावा लागला.

आणि तू पोलिसांना सांगितलंस की म्हाताऱ्याच्या सायकलला ब्रेकच नव्हते. सतरा तारखेला माझा जबाब आहे. मीही तेच सांगावं असं तुझं म्हणणं. अण्णा, मला ते जमेल असं वाटत नाही. तरी तुझं काय ते सविस्तर लिही. मी वाचेन.

लोभ असू दे. रागावला असशील तर रागासकट असू दे.

तुझी,
रचना

• • •

निपाणी,
१० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रचनास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आप्पांना पुढं करून चांगलंच धोपटलंस मला. तू पहिल्यापासून सायकलवाल्यांच्याच पक्षातली. डोक्यावर ते हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, हँडलला आरसा. उचगावात तुला ट्रॅफिकबाई म्हणतात, हे आमच्यापर्यंत आलंय बरं का! चाळिशी उलटलेल्या बाईनं स्कूटी घ्यावी, हे मी तुला पाच वर्षं सांगतोय. घेतली असतीस तर आज एवढा पुळका आला नसता.

चेष्टा ऱ्हाऊ दे. मी मुद्दाम केलं का गं? त्या बाजारात मुंगी शिरायला जागा न्हाय. सायकली डावीकडनं येतात, उजवीकडनं येतात, उलट्या येतात. शिकवताना पोरांना मीच सांगतो, सायकलवाल्याचा भरवसा धरू नका. आता तूच सांग, दार उघडणाऱ्यानं किती बघायचं आणि येणाऱ्यानं किती बघायचं?

माझी अडचण समजून घे. वीस वर्षं झाली शाळा काढून. निपाणीतली गाडी चालवणारी निम्मी माणसं माझ्या हाताखालनं गेलीत. मास्तरनंच मागं न बघता दार उघडलं आणि माणूस पाडला, असं कागदावर आलं तर कोण आपली पोरगी शिकायला पाठवंल? बोर्ड उतरवायची पाळी येईल. दवाखान्याचं सगळं मी बघतो, हे मी त्याच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून आलोय. त्यात मागं हटणार न्हाय.

ऱ्हाता ऱ्हायला तो ब्रेक. सायकलला ब्रेक नव्हते म्हटल्यानं त्या माणसाचं काय जातंय? त्याच्यावर काय केस व्हणार हाय? एक वाक्य हाय ते. त्यानं माझी शाळा वाचती आणि त्याचा हात जेवढा मोडलाय तेवढाच ऱ्हातो.

विचार कर. भाऊबीज तोंडावर आलीय, घरात कडूपणा नको. जेवत जा वेळेवर. बहिणीची माया हाय तशी ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
अण्णा

• • •

उचगाव,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णास,
सा. नमस्कार.

त्या माणसाचं काय जातंय, असं तू विचारलंस. ते बघायला काल मी त्यांच्या घरी जाऊन आले.

परशराममामा कोण, हे तुला ठाऊक नसावं, नाहीतर तू असं लिहिलं नसतंस. आमच्या स्टॉपजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पस्तीस वर्षांचं. उचगावातल्या सगळ्या शाळकरी पोरी त्यांनी कसलेल्या ब्रेकवर बेळगावला जातात. माझ्या हँडलचा आरसाही त्यांनीच बसवला. उभ्या गाडीपासून एक दाराएवढं अंतर सोडून सायकल हाणायची, हेही मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी आपण स्वतःच ते अंतर सोडलं नाही, याची त्यांना लाज वाटत होती. हॉर्नला भ्यालो, असं ते म्हणाले. पडलेल्या माणसाला लाज वाटते आणि पाडणाऱ्याला नाही, याला काय म्हणावं?

हाताबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. वाकड्या चाकाचा आऊट काढताना एकेक स्पोक बोटांनी ओढून बघावा लागतो, ते आता कधी जमेल याची चिंता आहे. पण घरात बसलेलं दुःख वेगळंच होतं. तुझं ते एक वाक्य तुझ्याआधी उचगावात पोचलं. ज्याच्या स्वतःच्या सायकलला ब्रेक नाही तो दुसऱ्याचे काय बसवणार, असं कोणीतरी स्टॉपवर हसत म्हणालं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या चार सायकली मालकांनी न सांगता उचलून शेजारच्या हिंडलग्याला नेल्या. त्यांची बायको गुणाबाई मला सांगत होती, हात मोडला तर दोन महिन्यांनी जुळतोय, हे कशानं जुळवायचं? मी तुझी बहीण आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिने चहा दिला. तो कसा प्याले ते मलाच माहीत.

अण्णा, मला वीट आला आहे. गाड्यांच्या खिडकीतून थुंकतात, पिंक माझ्या जाकिटावर येते आणि आतली माणसं हसतात. गटारापर्यंत गाड्या लावतात आणि सायकल मधून का येते म्हणून शिव्या देतात. हे सगळे परके होते, म्हणून मी रुमालाने पुसून पुढे जात होते. आता त्यात माझा भाऊ आहे. त्याला पुसायला रुमाल कुठून आणू?

तुझी शाळा बुडावी असं मला वाटत नाही. पण ती मामांच्या दुकानावर उभी करू नकोस. माया मागितलीस, ती आहे, पण सध्या ती माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुझी,
रचना

• • •

निपाणी,
१५ ऑक्टोबर २०२५

सौ. वन्संना,
जयाचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. दोन दिवस झाले, शिकवणीला जात नाहीत. पोटात दुखतंय असं पोरांना कळवलं. गाडी अंगणात उभी आहे, तिच्यात बसतात, दार उघडतात, लावतात, परत उघडतात. मला बघवत नाही.

हार मी बांधला होता, वन्सं. निघताना हे म्हणाले होते की आरसे मोकळे कर. मीच म्हटलं, पूजेचा हार सुकल्याशिवाय काढू नये, कोजागिरी झाली की ओढ्यात सोडू. ह्यांनी माझं ऐकलं. दरवर्षी आम्ही असंच करतो, कधी काही झालं नाही. म्हणजे चूक झाली असेल तर ती माझी म्हणा.

खोटं बोला असं मी म्हणत नाही. ‘मी बांगड्या बघत होते, मला काही दिसलं नाही’, एवढंच तुम्ही सांगितलंत तर? त्यात कुणाचंच वाईट नाही. तुमच्या हातापाया पडते. दिवाळीचा चिवडा पाठवते, तेवढा गोड मानून घ्या.

तुमची,
जयावहिनी

• • •

उचगाव,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णास,
शि. सा. नमस्कार.

काल जबाब झाला. काय सांगितलं ते तुला पोलिसांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

वहिनीचं पत्र आलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. मला काही दिसलं नाही असं सांगावं, असं तिने सुचवलं, आणि आदल्या रात्री मी तसंच सांगायचं ठरवलं होतं. तुझ्या शाळेसाठी नव्हे. माझ्यासाठी.

तुझं दार उघडायच्या आधी मी तुला हाक मारली होती. पलीकडून, हात हलवत, अण्णा म्हणून, बाजार ऐकेल एवढ्याने. तू वर बघितलंस, हसलास, आणि माझ्याकडे बघत बघतच दार उघडलंस. आरसा मोकळा असता तरी तुझे डोळे माझ्याकडे होते. हे तू पोलिसांना सांगितलं नाहीस. फोनवर चिडलास तेव्हा म्हणाला नाहीस, पत्रात लिहिलं नाहीस, वहिनीलाही बोलला नाहीस. मला वाचवायला की तुझ्या लक्षातच नाही, हे मला ठाऊक नाही. मी मात्र विसरले नव्हते. हॉर्नवाल्याचं लिहिलं, चरा बघणाऱ्याचं लिहिलं, हाराचं लिहिलं, पिंकेचं लिहिलं, आणि दोन्ही पत्रांत एवढंच गाळलं. इतके दिवस ज्याची किळस येत होती ते माझ्याही घरात होतं.

पोलीस स्टेशनच्या आवारात मामांची सायकल जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या खाली पडली होती. ती कोणी बघितलीसुद्धा नव्हती. मी हवालदारांना ती बाहेर काढायला लावली. ते वैतागले, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, पण काढली. पुढचं चाक वाकलं होतं, मागचं सरळ होतं. मी कॅरिअर धरून मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि त्यांना ब्रेक दाबायला सांगितलं. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवून पुन्हा दाबला. मग त्यांनी स्वतःहून ते लिहून घेतलं.

दाराचं लिहिलं, आरशावरच्या हाराचं लिहिलं, हॉर्नचं लिहिलं. माझ्या हाकेचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे कशाला हवं, याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, असू दे, लिहा. जबाब कन्नडमध्ये होता, त्यांनी वाचून दाखवला. मी मराठीत सही केली. गाडीवाला कोण लागतो, हे त्यांनी सगळ्यांत शेवटी विचारलं. भाऊ, असं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तेही लिहून होईपर्यंत मी उठले नाही.

तिथून मी मामांकडे गेले आणि ब्रेकचं सांगितलं, हाकेचंही. त्यांनी मान हलवली. गुणाबाई म्हणाली, पोलिसांच्या कागदात काय हाय ते स्टॉपवरच्या लोकांना कोण वाचून दाखवणार? ते खरं आहे. मी दोघांतिघांना सांगून बघितलं. ट्रॅफिकबाईचं कोण ऐकतो?

गुरुवारी भाऊबीज आहे. तू यायचंस की नाही ते तू ठरव. नाही आलास तर मी रिकाम्या पाटापुढे बसून रडणार नाही. पण आलास तर आधी घरी येऊ नकोस. स्टॉपवर गाडी लाव, मागे बघून उतर, आणि चार माणसं असतील तेव्हा सांग की ब्रेक चांगले होते, चूक माझी होती. माझ्या सहीपेक्षा ड्रायव्हिंगच्या मास्तरचं बोलणं तिथे चालेल. ते फक्त तूच करू शकतोस.

मी ओवाळायचं ताट घेऊन मामांच्या दुकानातच थांबेन. लोभाचं तिथेच बघू.

तुझी,
रचना