मुद्दाम चुकवलेली चाचणी

माझं मन ठिकाणावर आहे का? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने आपण पूर्ण शुद्धीत आहोत, कोणाचा दबाव नाही, असं लिहायचं असतं. दबाव नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. शुद्धीचं मेंदूच्या डॉक्टरबाईंनी तपासून लिहून दिलं आहे. तो दाखला सोबत आहे. वय सत्तावीस. व्यवसाय रग्बी, सहा वर्षं एकाच क्लबच्या करारावर.

१. माझी सगळी बचत धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी आहे. ते पूर्ण होईपर्यंत त्या पैशांना कोणी हात लावू नये. छप्पर गळलं तर बादली लावावी.

२. माझे बूट धाकटीला. तिने आत्ताच विचारलं, "ताई, तू मरेपर्यंत थांबू, की आजच घालू?" आजच घाल, पण कलम चार वाचून.

३. अंतिम सामन्यातली माझी जर्सी क्लबला दारासमोरच्या भिंतीवर काचेत लावायची आहे. देऊ नये. आईने तिचं फरशी पुसायचं फडकं करावं. पाणी छान शोषतं.

४. हे कलम संघाच्या डॉक्टरांसाठी. मोसमाआधी ते आमची स्मरणशक्ती तपासतात: दहा शब्द ऐकायचे, परत सांगायचे. डोक्याला मार लागला की पुन्हा तीच चाचणी. आधीपेक्षा कमी आठवलं तर मैदानाबाहेर. पहिल्याच वर्षी ते हसत म्हणाले, "दहाच्या दहा कशाला सांगतेस गं? सहावर थांब. पुढे सोयीचं पडतं." मी घरातली पहिली पदवीधर. मार्क मुद्दाम सोडणं मला चोरीसारखं वाटलं. तरी सोडले, कारण संघात राहायचं होतं. पुढे पाच वेळा डोकं आपटलं, पाचही वेळा सहा शब्द सांगून मी परत मैदानात गेले. शेवटच्या वेळी मला उलटी झाली, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "पदवी मिळाली ना एकदाची? आता डोकं कशाला जपतेस?" संघातल्या सगळ्या हसल्या. मीही हसले. आता तीनच शब्द आठवतात. गॅसवर दूध ठेवून मी आंघोळीला जाते, म्हणून आईने मला स्वयंपाकघर बंद केलं आहे.

५. माझा मेंदू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला द्यावा. त्याचा अहवाल क्लबच्या सभागृहात मोठ्याने वाचावा, डॉक्टर आणि प्रशिक्षकांना पहिल्या रांगेत बसवून. त्यांना चहा देऊ नये. माझ्यासाठी मैदानावर दोन मिनिटं शांत उभं राहू नये; इतकी वर्षं ते गप्पच आहेत.

६. मी त्या दोघांना माफ केलेलं नाही. माझ्या पश्चात माझ्या वतीने कोणी करू नये. बाबा म्हणतात, "झालं गेलं विसर." बाबा, विसरणं हाच तर माझा आजार आहे.

७. धाकटीची क्लबमधली पहिली चाचणी येत्या सोमवारी, याच डॉक्टरांसमोर आहे. माझ्या मरणापर्यंत थांबायला तेवढा वेळ नाही. म्हणून मी खोटी उत्तरं दिली आणि ती कोणी द्यायला लावली, हे सगळं माझ्या सहीनिशी लिहून रग्बी महासंघाच्या शिस्तपालन समितीकडे आज सकाळी दिलं. बंदी माझ्यावरही येईल. पोच घेतली आहे. प्रत जोडली आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू (सही)
२. संघाची माजी कर्णधार (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपार