मिसरोदचा बाळमेळावा

१० नोव्हेंबर १९५८, मिसरोद

फूलबाईने आज पुन्हा पोर पदराआड घेतलं. शेजारीण म्हणून एवढी गोड बोलते, पण बाळं तोलायची माझी झोळी दिसली की संपलं. नऊ महिन्यांचा गुटगुटीत मुलगा, कपाळभर काजळ, नाव कचरू. "कमजोर है बाईसाब, कुछ खाता नहीं." मांड्यांना वळ्या पडल्यात, आणि म्हणे खात नाही!

कॉलेजचे सर म्हणतात, गावात राहून शिका, गाव हेच तुमचं पुस्तक. स्वतः जीपने येतात आणि चहा गार व्हायच्या आत जातात. मी मात्र शाळेमागच्या खोलीत. मेडिकलचं चौथं वर्ष, आणि इथे मला कुणी साधा खोकलासुद्धा दाखवत नाही.

१६ नोव्हेंबर

सर आले होते. गावात राहायच्या या योजनेत आम्ही दोघंच — इथे मी, पलीकडच्या गावी वर्गातला उदय. पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती मात्र एकालाच. दोघांनी आपापल्या गावात निरोगी बाळांचा मेळावा भरवायचा. शहरातून पाहुण्या येणार, बक्षीस देणार. ज्याचा मेळावा भरेल त्याला शिष्यवृत्ती.

निरोगी बाळांचा! सरांना कोण सांगणार, की आपलं मूल धडधाकट आहे असं इथली कुठलीच आई कबूल करत नाही. दृष्ट लागते. आपल्याकडे तरी काय वेगळं? आधीची दोन भावंडं गेली म्हणून आमच्या आप्पांचं नाव दगडू ठेवलं. मी सगळं जाणते. जाणून उपयोग शून्य.

२३ नोव्हेंबर, भोपाळ

रविवार, घरी. राजधानी नागपूरहून हलली आणि फायलींबरोबर आप्पाही हलले. दोन वर्षं झाली, अजून रोज नागपूरची संत्री आठवतात. जेवताना म्हणाले, "शिष्यवृत्ती आहे तोवर शीक. नसली तर माझ्याच्याने होणार नाही, कांचन. खांडव्याचं स्थळ थांबलंय." आईने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिच्याकडून एवढीच मदत.

म्हणजे एक मेळावा, नाहीतर खांडवा.

३० नोव्हेंबर

युक्ती सापडली. विहिरीवर बायकांना सांगितलं — कमजोर बच्चों का मेला है, ताकत की दवा मिलेगी. सगळ्यांचे चेहरे उजळले. प्रत्येकीचं मूल कमजोरच! फूलबाई सगळ्यांत आधी म्हणाली, "हम तो ज़रूर आएँगे."

फसवणूक? असेल. औषध मी खरंच देणार आहे.

७ डिसेंबर

शाळेचं अंगण भरून गेलं. सगळी "कमजोर" बाळं — टमटमीत! पाहुण्या बाईंनी कचरूला उचललं आणि माइकवर सांगितलं, "पूरे गाँव का सबसे तंदुरुस्त बच्चा!" टाळ्या, हार, फोटो. फूलबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विश्वास बसत नाही असं. त्यापेक्षा चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

उदयकडे चारच पोरं आली. सरांनी तिथल्या तिथे शिष्यवृत्ती मला जाहीर केली. पुढचं वर्षभर याच गावात राहायचं. जिंकले म्हणायचं.

८ डिसेंबर

विहिरीवर गेले. सगळ्या बायका अर्धवट भरलेल्या घागरी उचलून निघून गेल्या.

१२ डिसेंबर

कचरूला ताप. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो, धाप ऐकू येते. न्यूमोनियाच असणार. पेटीत पेनिसिलिन आहे. तीनदा गेले, तीनदा फूलबाईच्या सासूने दार लावलं. शेवटी आतून म्हणाली, "जिसने नज़र लगाई, वही उतारे. चौक में, सबके सामने."

तिचं चुकलं असं म्हणायलाही मला तोंड नाही.

१३ डिसेंबर

सकाळी चौकात गेले. फूलबाईच्या मांडीवर पोर, ओठ निळसर. सासूने माझ्या पदराचं टोक कापून जाळलं. मी पोरावर तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि मोठ्याने म्हटलं, "मेरी नज़र लगी थी."

दुसऱ्यांदा थुंकताना जीप आली. सर जीपमध्येच उभे राहिले. "कांचन, बंद कर हा तमाशा! भावी डॉक्टर म्हणवतेस? तिसऱ्यांदा थुंकलीस तर शिष्यवृत्ती विसर."

मला वाटलं होतं, निदान विचार करायला वेळ लागेल. नाही लागला. माझा नजरेवर विश्वास नाही. पण थुंकल्याशिवाय ते लोक मला सुई टोचू देणार नव्हते. थुंकले. मग सुई टोचली.

सरांना हे समजावायला गेले. जीप निघून गेली होती.

१७ डिसेंबर

ताप उतरला. दूध ओढायला लागला. सासू गावभर सांगतेय — नजर उतरली. पेनिसिलिनचं नाव कुणी घेत नाही!

शिष्यवृत्ती उदयला, तिच्याबरोबर हे गावही. सोमवारी तो या खोलीत येणार. मला वाटतं त्याला वाईट वाटलं, पण नको म्हणण्याएवढं नाही. आप्पांनी खांडव्याला होकार कळवला. मला विचारलंदेखील नाही. रात्रभर चिडून रडले. सरांवर, आप्पांवर, या गावावर, आणि सगळ्यांत जास्त त्या विहिरीवरच्या हुशारीवर.

२१ डिसेंबर

सामान बांधून बसची वाट बघत बसले होते. फूलबाई आली. कचरूचं तोंड धुतलेलं, काजळाचा ठिपकासुद्धा नाही. त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "देख लो बाईसाब, कितना तगड़ा है."

मी डोळे भरून बघितलं.