मशीन सप्तपदीच्या आधी की नंतर?

सुभानपुरा, बडोदे
रविवार, २२ जुलै २००१

ती. तात्यासाहेब मामांस,
लक्ष्मणचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्हांला एकही पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. (कारणही लिहिलं होतं, पण वाचून पाहिलं तर ते खरं नव्हतं, म्हणून खोडलं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे इंदूरहून फोन आला तेव्हा कळलं, बरं वाटलं. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे. तूर्त मोहना आणि शलाका खुशाल आहेत.

मोहना नवरात्रासाठी चणिया-चोळ्या शिवते हे तुम्हांला माहीतच आहे. आता गोत्रीपर्यंतच्या मुली जूनपासूनच मापं द्यायला येतात. (आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसते, परवा माझ्या पायजम्याला आरसे लावलेली पट्टी चिकटून मी तसाच कॉलेजच्या प्राचार्यांसमोर दार उघडायला गेलो. पण तो विषय वेगळा.) तर, गेल्या वर्षी तिची कमाई इतकी झाली की आमचे इन्कमटॅक्सवाले कनुभाई म्हणाले, बेननी आता आपला स्वतःचा रिटर्न भरावा. लहरीपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. यंदापासून बायकांना करात वेगळी सूट मिळाली आहे, त्यामुळे तिला एक पैसाही भरावा लागणार नव्हता. पण पैशापेक्षा तिला रिटर्नचंच अप्रूप. तिचं पॅन कार्ड आलं तेव्हा ते तिने सोसायटीत तीन घरी नेऊन दाखवलं. आजवर रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, लाइटबिलावर सगळीकडे माझंच नाव. हा पहिला सरकारी कागद तिच्या एकटीचा.

रिटर्नवर सही करायला आम्ही दोघं कनुभाईंकडे गेलो, आणि तिथे मी तोंड उघडलं. सही झाली होती, चहा आला होता. कनुभाई सहज म्हणाले, "बेन, मशीन बहु सरस चालतुं हशे!" मी म्हणालो, हो, फार छान चालतं, लग्नात मीच दिलेलं आहे. कनुभाईंनी कप खाली ठेवला. "अरे लक्ष्मणभाई, तुम्हांला कोणी विचारलं?" मग त्यांनी नियम सांगितला. नवऱ्याने बायकोला एखादी वस्तू नुसतीच देऊन टाकली आणि त्या वस्तूतून उत्पन्न निघालं, तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. लग्नाआधी दिली असेल तर नाही. पण मशीन काय आपोआप शिवतं, हात बेनचे आहेत, कोणी विचारणार नाही, द्या तो रिटर्नचा कागद इकडे, असं ते म्हणत होते. मी कागद दिला नाही. घडी करून खिशात घातला. कोणी विचारणार नाही हे खरं, पण मी मलाच विचारलं होतं ना?

रिक्षात मोहना म्हणाली, "अठरा वर्षं पाय मी मारतेय आणि कमाई तुमची?" मी म्हटलं, असं मी नाही, कायदा म्हणतो. "मग आजपासून कायद्याकडेच जेवा." तेव्हापासून ती माझ्याशी शलाकामार्फत बोलते. काल ताटावर बसलो तर, "शलाका, बाबांना विचार, आमटी यांच्या नावावर वाढू की माझ्या?" पोरगी हसते. मला हसू येत नाही, मामा. रिटर्नची मुदत महिनाअखेर संपते आणि कागद माझ्या कपाटात आहे. तिचा म्हणून भरू दिला तर मी खोटा, माझ्यात धरला तर तिचं नाव गेलं.

म्हणून तुम्हांला लिहितो आहे. मशीन तुमच्याच हातून आलं. मी पैसे तुमच्याकडे दिले होते आणि तुम्ही ऐन विधी चालू असताना दोन हमाल घेऊन कार्यालयात शिरलात. अंतरपाट दूर झालेला होता हे मला नक्की आठवतं, कारण अक्षता माझ्या कानात गेली होती. मग तुम्ही माइक घेऊन "नवरदेवाकडून नवरीला शिवणाचं मशीन!" असं जाहीर केलंत आणि गुरुजी मंत्र विसरले. पण तेव्हा सप्तपदी झाली होती का? कनुभाईंच्या मते सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, त्याआधी नाही. मी रोज डायरी लिहितो, पण लग्नाच्या दिवशी लिहिली नाही. अल्बममध्ये एक फोटो आहे. त्यात मशीन दिसतं, आम्ही दोघं चालताना दिसतो, पण कितवं पाऊल ते कळत नाही, कारण मध्ये तुमची पाठ आहे. तरी शांतपणे आठवून जे खरं असेल तेच कळवावं. भाचा म्हणून माझी बाजू घेऊ नये.

मामींना नमस्कार.

तुमचा,
लक्ष्मण

ता. क. सप्तपदी झाली होती असं आठवलं, तर उत्तर घरी न पाठवता कॉलेजच्या पत्त्यावर पाठवावं. आणि नीटसं आठवत नसेल, तर 'झाली नव्हती' असं मोहनाला परस्पर कळवायला माझी हरकत नाही. (हे वाक्य दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मी काय मागतो आहे ते मला कळतं.)

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी मोहनाने पत्र वाचलं. सगळं. आठ दिवसांनी प्रथमच माझ्याशी सरळ बोलली. म्हणाली, "तुमच्या पैशांत मामांनी बँड आणला. मशीन त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतलं आणि त्याला सांगू नकोस, पोराचं मन मोडेल, अशी मला शपथ घातली." मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? "शपथ होती म्हणून. आणि माझ्या हातांवर तुमचा तुम्हांला विश्वास बसतो का ते बघत होते." मग कपाटातून कागद काढून घेतला. उद्या ती आणि शलाका जाऊन भरून येणार आहेत. मी यायचं नाही.

म्हणजे रिटर्न तिचा, हे निःसंशय. पण मामा, बँड पाऊण तास वाजला होता. अठरा वर्षांत मी तिला दिलेली वस्तू म्हणजे ते मशीन एवढंच. ते तुमच्या पैशांचं होतं हे खरं असेल तरी उत्तरात लिहू नका.

डायरीत लिहून ठेवलं आहे, उद्या: मोहनासाठी काहीतरी आणणे. उत्पन्न न देणारं.