डॉक्टरांचा फोन येईपर्यंत

काका, तुमचा गुडघा आता दुखत नाही ना? काकूंचा दमा कसा आहे? त्या तुमच्याआधी गेल्या, म्हणजे भेटल्या असतील. माझी साखर बरी आहे, पाय तेवढे संध्याकाळी भरून येतात. दिवसभर उभं राहायला तुम्हीच शिकवलंत.

कालची गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ, इथे आखातात सालमियातलं आमचं औषधांचं दुकान भरलेलं, आणि रायगडकडचा एक टॅक्सीवाला काउंटरवर रिकामं पाकीट आपटतो. रक्तदाबाची गोळी तीन दिवसांपासून संपलेली, कुठेच मिळत नाही. "ताई, मागच्या फळीवर एवढ्या गोळ्या आहेत, शोभेला ठेवल्यात काय?" रक्तदाबाचं मशीन लावलं, आकडा भलताच वर. त्याच कामाची दुसरी गोळी हाताशी होती, पण औषध वेगळं, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही असा नियम. डॉक्टर फोन उचलेनात. शेजारी उभी केरळची फार्मासिस्ट म्हणाली, "दीदी, कानून है." मी तडकलेच, "कायदा करणाऱ्यांना एक संध्याकाळ इथे उभं करा म्हणावं!"

तेव्हा तुम्ही आठवलात. चिपळूणच्या दुकानात चष्मा कपाळावर ढकलून तुम्ही चिठ्ठी वाचता, नसलेल्या औषधाऐवजी दुसरं काढून देता. मी एकदा तसंच देऊ गेले, तर भर गिऱ्हाइकांत ओरडलात, "अगं, गोळी ओळखतेस, माणूस ओळखतेस का? आधी विचार, त्याला काय सोसलं नव्हतं." आठवडाभर रुसले होते मी.

फोन वाजला. मी गोळीचं नाव सांगताच डॉक्टर म्हणाले, "ती मुळीच नको! गेल्या वर्षी तिनेच ओठ सुजले, घसा आवळला, म्हणून तर बदलली." त्यांनी तिसरीच सांगितली, चिठ्ठीही पाठवली. टॅक्सीवाला म्हणतो, "हो की, ओठ सुजलेले! पण तुम्ही विचारलंच कुठे?"

ती तिसरी गोळीही फळीवरच होती, काका. माणूस वणवण फिरतो आणि आम्ही हात बांधून उभे. या नियमावरचा माझा राग काही गेला नाही. पण आज सगळे म्हणतात, ताईंनी नियम पाळला म्हणून तो वाचला. फोन वाजला तेव्हा ती नको असलेली गोळी मी पिशवीत घातली होती, आणि पिशवी अर्धी त्याच्या हातात होती. केरळच्या पोरीने पाहिलं, बोलली नाही. मीही बोलले नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. तरी लवकर लिहा. ओरडलात तरी चालेल, या वेळी रुसणार नाही.