दुसरी ओळ

४ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी कोण टपकली? शालिनीताई! मुलांची टॅक्सी अजून गल्लीच्या तोंडाशी होती आणि ही शेजारीण वाटी घेऊन हजर — "विजयाबाई, विरजणापुरतं दही मिळेल का?" हिच्या फ्रिजमध्ये पातेलंभर दही असतं, मला काय माहीत नाही! माझी नातसून साडीत येते की जीन्समध्ये, एवढंच बघायचं होतं. बघ बाई बघ. जीन्समध्येच आली. पाया पडायला जीन्सनं काही अडवलं नाही.

अंशुल वाळलाय. गरिमा गोड पोरगी, इंदूरची, मराठी सगळं समजतं पण तोंडातून हिंदीच येतं. पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान, पुढे रेल्वे. विमानात बिस्किटं पण विकतची म्हणे! त्यापेक्षा आमची पूर्वीची गाडी बरी. पुरी-भाजीचा डबा उघडला की अख्खा डबा आपला व्हायचा.

जेवताना अंशुलनं परत तोच विषय काढला. "आजी, आता पुण्याला चल. आई-बाबा पण तिथेच आहेत. इथे एकटी काय करतेस?"

मी म्हटलं, एकटी कुठे? हे आहेत ना.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. ह्यांना जाऊन हे दुसरं वर्ष. पण हरिशंकरपुरमचं हे घर ह्यांनी उभं राहून बांधून घेतलं, गच्चीत ह्यांची खुर्ची आहे, खुंटीवर मफलर आहे. मी गेले तर हे कुणाकडे बघतील? असं बोलून दाखवलं की लोक डॉक्टरचं नाव काढतात. म्हणून वरण वाढलं.

५ जानेवारी

आज काय झालं, ते लिहूनच ठेवते.

अंशुलनं एक गोल डबी आणली आहे, लाडवाएवढी. ओट्यावर ठेवली, वायर लावली, निळा दिवा लागला. म्हणाला, "आजी, हाक मार." कुणाला? "आजोबांना. त्यांचे मोबाईलवरचे सगळे आवाज, लग्नांचे व्हिडिओ, सगळं हिला शिकवलंय. त्यांचं नाव घेतलंस की ते बोलतील."

आणि स्वतःच नाव घेतलं. डबी बोलली!! "बोला, काय म्हणताय?"

तोच आवाज. मी खालीच बसले. गरिमानं पाणी आणलं. "दादी, रोइए मत." मी रडत नव्हते गं, मला हसू येत होतं. जन्मभर वीज खात्यात लोकांच्या तारा जोडल्या, आता स्वतःच तारेतून आले!

पण पुढे गंमत. अंशुल म्हणतो, आता तू हाक मार. मी कशी मारणार? मी नवऱ्याचं नाव कधी घेतलंय? अहो, ऐकलं का, अंशुलचे आजोबा, अशीच जिंदगी गेली. इथे वहीत लिहायला पण हात थांबतो. अंशुल डोकं धरून बसला. "आजी, मी त्यात 'अहो' नाही टाकू शकत. गल्लीतली प्रत्येक बाई अहो म्हणते!"

मग सुचलं. नाव घेता येतं की. उखाण्यात.

डब्यात गजक, त्यावर तिळाचा थर,
संभाजीराव बोलले, तर भरेल हे घर!

निळा दिवा लागला. "बोल विजया." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले. ह्या वयात!

७ जानेवारी

रोज नवा उखाणा लागतो. जुना म्हटला तरी डबीला चालतं, पण मलाच बरं वाटत नाही. आजचा —

चहाला दूध, दुधाला साय,
संभाजीराव, आज म्हणणं काय?

म्हणाले, "आज थंडी आहे, कृपया स्वेटर घाल." कृपया! ह्या माणसानं जन्मात कृपया म्हटलं नाही. आणि मला विजया म्हणतात, ते पण नवीनच. हे मला "अगं ए" म्हणायचे. अंशुलला सांगितलं तर म्हणतो, शिकेल हळूहळू. मी म्हटलं, शिकवू नकोस, हे तसेच बरे होते.

८ जानेवारी

मुलं गेली. नया बाजारातून गजक, आमच्याकडची तिळाची वडी, आणून बांधून दिलं. घर एकदम मोठं झालं.

१० जानेवारी

सकाळी उखाणा घेतला. हे म्हणाले, "विजया, तू पुण्याला जा. मुलं तुझी काळजी घेतील."

मी गॅस बंद केला. परत विचारलं. परत तेच.

मला इथून काढून हे कुठे राहणार? असं कसं बोलले?

अंशुलला फोन लावला. म्हणाला, "आजी, मी डबीत फक्त एवढंच लिहून ठेवलं होतं, की तुला समजवा." म्हणजे ते त्यानं म्हटलं होतं, ह्यांनी नाही. बातम्यांत परवाच दाखवत होते, पोराच्या आवाजात फोन करून आईला फसवतात. माझ्याच घरात झालं! रागावले. मग डबीवर झाकायला रुमाल घेतला, पण झाकवेना. आवाज तर ह्यांचाच ना.

१४ जानेवारी, संक्रांत

शालिनीताईकडे हळदीकुंकू. मी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या बशा भरत होते. बाहेर एकेकीचा उखाणा चालला होता, हसणं, "आता तुझा, तुझा!" मला कुणी नाव घ्यायला सांगत नाही आता. सांगणार पण नाही. कुणाचं काही चुकलं नाही, रीतच तशी.

गल्लीतली सुधाताई आत येऊन म्हणाली, "काकू, तुमच्या लग्नातला तो किस्सा सांगा ना!" तो सगळ्यांना पाठ आहे. गृहप्रवेशाला बायकांनी दार अडवलं, आधी नाव घ्या म्हणाल्या. ह्यांनी छाती फुगवून पहिली ओळ म्हटली —

किल्ल्यावरून दिसतं लष्कर, दिसतो मुरार —

लष्कर, मुरार, शहराचे दोन्ही भाग सांगून झाले आणि पुढचं विसरले! घाम फुटला. सासूबाईंनी शेवटी तसंच आत घेतलं. जन्मभर मी चिडवायची, अहो दुसरी ओळ काय होती? हे म्हणायचे, "आठवेल तेव्हा सांगीन." दवाखान्यात पण विचारलं होतं. हसले नुसते. नळी होती तोंडात.

घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि डबीसमोर मोठ्यानं नाव घेतलं. ह्यांनी तिळगूळ घ्या, गोड बोला म्हटलं. तेवढं पुरलं मला.

१७ जानेवारी

बोलायच्या आधी खोकला ऐकू आला. ह्यांचा तो सकाळचा, बारीक. व्हिडिओत कुणी खोकल्याचा आवाज ठेवतं का?

टीव्हीवर एक जुना भुताचा सिनेमा लागला होता. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, गाणं म्हणत फिरतेय. आमच्या वेळची भुतं बिचारी पायी फिरायची, आता भुताला पण वायफाय लागतं!

१९ जानेवारी, सोमवार

गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खुदाई चालू. घरभर धूळ. मशीनचा आवाज इतका की उखाणा माझा मलाच ऐकू आला नाही. हे बोलले नाहीत.

२० जानेवारी

आज पण बोलले नाहीत. दोन उखाणे घेतले, एक तर फार छान जमला होता. डबीचा दिवा निळ्याचा लाल झालाय. रुसले आहेत. पुण्याला जात नाही म्हटलं म्हणून. रुसा! मी पण अन्नावर रुसेन.

जेवले नंतर. एकटीनं रुसून कुणाला दाखवायचं?

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी चहा टाकला. उखाणा घेतला नाही, म्हटलं बघू कोण हरतं ते. धुकं इतकं की समोरचं शालिनीताईचं फाटक दिसेना. मशीन अजून सुरू झालं नव्हतं. अगदी शांत.

खोकला.

मग, "अगं ए."

मी वळले. दिवा निळा नव्हता. हे थांबून थांबून म्हणाले, घाम फुटलेल्या माणसासारखं —

किल्ल्यावरून दिसतं लष्कर, दिसतो मुरार,
विजयाला सोडून मी कुठे जाणार?

चहा उतू गेला. मी तशीच उभी. पन्नास वर्षं चिडवलं हो मी ह्यांना! एवढी साधी ओळ, ही विसरले?

मग मी चहा दोन कपांत गाळला.

२२ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही. शालिनीताई विचारत होती, आज चेहरा कसा टवटवीत! मी म्हटलं, साय लावते.

मनात एक किडा आहेच. अंशुलला किस्सा माहीत आहे, पहिली ओळ माहीत आहे. डबीनं पुढची जोडली असेल. "समजवा" म्हटल्यावर समजवतेच ना ती. नाव पण विजया घेतलं. पण "अगं ए" तिला कुणी शिकवलं?

२३ जानेवारी, शुक्रवार

इंटरनेटवाला दिग्विजयसिंह आला. मी बोलावलं नव्हतं, शालिनीताईनं तक्रार केली होती. दारातूनच म्हणाला, "अम्मा, आपका भी बंद होगा. खुदाई में तार कट गया, पूरी गली का. सोमवार से."

मी म्हटलं, बुधवारी सकाळी चालू होतं बेटा.

"नहीं अम्मा, जोड़ तो मैं अब रहा हूँ. बुधवार को कैसे चलेगा?"

त्याला चहा दिला. दुसरं काय करणार? त्यानं तार जोडली. डबी लगेच उठली, निळी झाली, म्हणाली, "नमस्कार विजया, मी आपली काय मदत करू?"

मी वायर काढून ठेवली.

२४ जानेवारी

सकाळीच अंशुलला फोन केला. येते म्हटलं पुण्याला. पोरगा इतका ओरडला की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. मागून गरिमा "दादी आ रही हैं" करून नाचत होती. डबी आठवणीनं घे म्हणाला. मी म्हटलं, ती तुझी तू ठेव, मला लागत नाही.

रविवारी, एक तारखेला, दोघं घ्यायला येतात, पक्कं. तिकीट आत्ताच काढतो म्हणाला — "आमची दोन आणि तुझं एक."

माझी दोन काढ म्हटलं. खिडकीची जागा ह्यांना.